टिकल्यांखालचे आकडे

"सर, तुम्ही कधी बेदाण्याच्या शेडमध्ये गेलाय?" मी विचारलं.

मयेकर सर सहावीच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून उभे होते. राजापूरकडचे. आमच्या गावच्या हायस्कूलला येऊन त्यांना अजून वर्षही झालं नव्हतं.

"बाहेरून बघितल्यात," ते म्हणाले. "हिरवी जाळी लावलेल्या असतात त्या."

"आतून?"

"आतून नाही."

"मग हा प्रश्न कुठून आणला?"

"मीच काढला. आपल्या भागातलं उदाहरण असलं की मुलांना गणित जवळचं वाटतं, म्हणून."

टेबलापलीकडे बसलेल्या सूर्यवंशी मॅडमनी चष्मा लावला आणि हात पुढे केला. त्या मुख्याध्यापिका. मी माझ्या मुलीचा पेपर त्यांच्यापुढे सरकवला आणि शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवलं. आदल्या दिवसापासून हे सगळं मी मनात इतक्या वेळा बोलले होते, की आता प्रत्यक्ष बोलताना शब्द संपतील की काय असं वाटत होतं.

प्रश्न असा होता. एका रॅकच्या चार कप्प्यांत पसरलेली द्राक्षे पंधरा दिवसांत वाळून त्यांचा बेदाणा होतो. तर तशाच आठ कप्प्यांतील द्राक्षांचा बेदाणा होण्यास किती दिवस लागतील? सनूनं लिहिलं होतं, पंधरा. त्यावर तांबडी फुली होती आणि शेजारी सरांच्या नेटक्या अक्षरात बरोबर उत्तर, तीस.

"सर, चार कप्पे असू देत नाहीतर चाळीस," मी म्हटलं. "सगळे एकदमच भरतात. वारा सगळ्यांनाच लागतो. तुमच्या घरी दोरीवर दोन शर्ट वाळत घातले काय आणि चार घातले काय, वेळ तेवढाच लागतो ना?"

सर प्रश्नाकडे बघत राहिले. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. आता वाद घालतील, असं मला वाटलं होतं. त्याचीही तयारी करून आले होते मी. पण ते म्हणाले, "बरोबर आहे. प्रश्नच चुकलाय माझा."

मॅडम हसल्या. "सर, माझ्या दिरांच्या दोन शेड आहेत. आणि छापायला देण्याआधी हा पेपर वाचून सही मी केलीय." मग एकदम काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी विचारलं, "बाकीच्यांनी काय लिहिलंय हो?"

सरांनी गठ्ठा सोडला. एकेक पेपर उलटत गेले. तीस. तीस. तीस. एकानं साठ लिहिलं होतं. आमच्या गावात दर दुसऱ्या घराची शेड आहे. द्राक्षं उतरायला लागली की पोरं शाळेतून थेट शेडवर जातात, कप्प्यांवर घड पसरतात, वाळलेला माल झाडतात. त्या सगळ्या पोरांनी तीस दिवस लिहिले होते. पंधरा लिहिणारी एकच होती.

"सन्मती मगदूम," सर म्हणाले.

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. पोर शाळेत जायला लागल्यापासून मी सासरी ऐकत होते, सनू आईवर गेलीय, आकड्यांचं तिला वावडं आहे. माझं गणित दहावीला सुटलं. पुढं मी भूगोल घेऊन बी.ए. झाले आणि दुकानात सामान घेतानासुद्धा हिशेब दुसऱ्याला करू दिला. सनूनं तसं होऊ नये म्हणून मी तिच्या अभ्यासावर डोळ्यांत तेल घालून बसायचे. त्या वर्षी तर जास्तच, कारण सातवीपासून आमच्या शाळेत सेमीची पहिली तुकडी निघणार होती. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. एकच तुकडी, आणि तिच्यात जायला या चाचणीत गणितात निम्मे गुण हवे होते. वीसपैकी दहा. सनूला नऊ होते. या प्रश्नाला दोन.

"घरी बघून बघून कळलंय तिला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "बाकीच्यांनी नुसते आकडे गुणले. हिनं डोळ्यांपुढं शेड आणली."

"बोलवा तिला," मॅडम शिपायाला म्हणाल्या. "कौतुक तरी करू."

सनू दारात येऊन उभी राहिली. दोन वेण्या, एकीची रिबन सुटलेली. आधी तिनं माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या पेपराकडे, आणि तिचा चेहरा पडला.

"ये, आत ये. रागवायला नाही बोलावलं," सर म्हणाले. "हे पंधरा तू कसं काय लिहिलंस? सांग बरं मॅडमना."

मी तिच्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, सांग. शेडबद्दल सांग.

सनू सुटलेल्या रिबनीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "मला येत नव्हतं सर," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"गुणायचं की भागायचं ते कळेना. बेल व्हायला आली होती. मग प्रश्नातलाच एक आकडा उतरवला. चार आणि आठ लहान वाटले, म्हणून पंधरा."

बाहेर पटांगणात पाचवीच्या पोरांची कवायत चालली होती, तिच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

"नेहमीच कळत नाही का गं, गुणायचं की भागायचं?" सरांनी विचारलं. चांगल्या आवाजात विचारलं.

"नाही कळत. मी दोन्ही करून बघते. जे उत्तर बरं दिसेल ते लिहिते."

रोज संध्याकाळी मी तिच्या शेजारी बसायचे. ती काय लिहिते, किती लिहिते, अक्षर कसं काढते, सगळं बघायचे. आणि हे मला माहीत नव्हतं.

मॅडमनी घसा साफ केला. "ते असू दे. उत्तर बरोबर आहे. कसं आलं हा भाग वेगळा. गुण द्यावेच लागतील, काय सर?"

"हो. द्यावेच लागतील. अकरा होतात." सरांनी खिशातलं पेन काढलं.

एवढ्यासाठी तर मी आले होते. सरांनी पेनाचं टोपण काढलं. सनूचा चेहरा उजळायला लागला होता. आणि मला दिसत होतं की जूनमध्ये हीच पोर सेमीच्या वर्गात बसेल, प्रश्न इंग्रजीतून येईल, आणि हिला त्यातले फक्त आकडे दिसतील.

"नको," मी म्हटलं.

सरांचं पेन थांबलं.

"त्या प्रश्नाचे गुण नकोत. आठ दिवस द्या आम्हाला. मग तुम्ही तोंडी विचारा, फळ्यावर विचारा, याच धड्यावरचं काहीही विचारा. आलं तर तुकडीत घ्या."

"आणि नाही आलं तर?" मॅडमनी विचारलं. "यादी मला पुढच्या सोमवारी लावायचीय. नंतर तुम्ही परत याल, दोन गुण द्या म्हणून. मग मी देणार नाही."

"नाही येणार मागायला."

"बघा बाई, विचार करा."

"केला," मी म्हटलं. खरं तर केला नव्हता.

घरापर्यंत सनू माझ्यापुढं दहा पावलं चालत राहिली. उंबरा ओलांडला आणि दप्तर भिरकावलं.

"तू कशाला नको म्हणालीस? मी पास झाले असते की."

"न येता?"

"मग काय झालं? बाकीच्यांना तरी कुठं येतंय. त्यांनी तीस लिहिलंय."

मी दप्तर उचलून खुंटीला लावलं. तिनं लगेच विचारलं, "पण आई, पंधरा बरोबर कसं काय आलं?"

"ते मी सांगणार नाही."

"का?"

"तूच शोध."

सनूचे पप्पा बेदाण्याच्या सौद्यासाठी सांगलीला होते. फोनवर सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "झालं ते झालं, आण्णांना सांगू नको." पण तोवर सनूनं आण्णांना सांगून टाकलं होतं. आण्णा म्हणजे माझे सासरे. ते ओट्यावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते.

"हातात आलेलं सोडून आलीस म्हणं?" त्यांनी मला विचारलं.

"हो आण्णा."

"दोन मार्क म्हणजे ओझं होतं व्हय?"

मी खाली पडलेली टरफलं गोळा करायला लागले. थोड्या वेळानं एक मूठ सोलाणे माझ्यापुढं करत म्हणाले, "बी.ए. झालीयस बाई, तुला जास्त कळतं." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मला काही कळलेलं नाही असं वाटलं, की ते हेच म्हणायचे.

पहिले दोन दिवस वाया गेले. मी पुस्तक घेऊन बसले. एकमान पद्धत समजून घेतली, म्हणजे आधी एका वस्तूचं काढायचं, मग हव्या तितक्यांचं. सनूला समजावली. पाच पेनांची किंमत दिलेली असली की ती बरोबर करायची. पुढचं गणित सहा मजुरांचं आलं, की मजूर दुप्पट झाल्यावर तिचे दिवसही दुप्पट व्हायचे.

"अगं, माणसं वाढली तर काम लवकर होणार की उशिरा?"

"लवकर."

"मग दिवस वाढले कसे?"

"तू कालच म्हणालीस, एकाचं काढायचं आणि गुणायचं."

माझा आवाज चढला. ती रडली. मग मीही आत जाऊन भाकरीच्या पिठात हात घालून उगीच उभी राहिले. मनात एकच चाललं होतं, पोरीला चालून आलेलं मी घालवलं. चार महिन्यांनी तिच्या मैत्रिणी एका वर्गात जातील, ही दुसऱ्या. आणि ती विचारेल, आई, तू नको का म्हणालीस.

तिसऱ्या दिवशी मी शिकवायचं सोडून नुसती तिच्याकडे बघत बसले. बघणं मला येत होतं. ती पुस्तकातला प्रश्न वाचताना मी तिच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवलं. ओळीवरून तिची नजर सरकतच नव्हती. उड्या मारत होती. सहावर, दहावर, बारावर. आकडे गोळा केले की तिचं वाचन संपायचं. मजूर, विहीर, रंग, साखर, मधलं सगळं तिच्यासाठी नव्हतंच.

मी आरशाजवळचं टिकल्यांचं पाकीट आणलं. चिकटवायच्या, मरून रंगाच्या. पुस्तकातल्या त्या पानावर जिथं जिथं आकडा होता, तिथं तिथं टिकली लावली.

सनू बघत राहिली. "हे काय?"

"आता वाच."

"आकडेच नाहीत."

"नसू देत. वाच."

तिनं वाचलं. "इतके मजूर एक विहीर इतक्या दिवसांत खणतात. तर इतके मजूर तीच विहीर किती दिवसांत खणतील?"

"पहिल्यापेक्षा मजूर जास्त आहेत. दिवस?"

"कमी."

"नक्की?"

"कमीच की. जास्त हात लागले."

"आता टिकल्या काढ."

तिनं नखानं एकेक टिकली काढली आणि माझ्या मनगटावर लावून ठेवली. मग गणित केलं. दिवस निम्मे झाले. तिनं उत्तराकडे बघितलं आणि आपल्या आपणच म्हणाली, "हां, कमी आले." त्या आधी तिनं कधी उत्तर आल्यावर त्याच्याकडे वळून बघितलं नव्हतं.

त्यानंतर आमचं तेच चाललं. सगळ्या पुस्तकाला टिकल्या. पाकीट संपलं, मी दुसरं आणलं. दुकानदारीण म्हणाली, "वहिनी, कुठं लग्नाला चाललाय काय?" टिकल्या लावलेला प्रश्न वाचायचा आणि आधी तोंडानं सांगायचं, हे वाढलं तर ते वाढतं, का हे वाढलं तर ते घटतं. सनूला त्यात खेळ सापडला. जेवताना ती म्हणायची, "आई, भाकरी वाढल्या तर पीठ?" "वाढतं." "खाणारे वाढले तर भाकरी?" "एकेकाच्या वाट्याला?" "हां, तसं विचारायला पाहिजे," असं म्हणून ती बोट वर करायची, मयेकर सरांसारखं. पण तिचा पंधरा दिवसांचा प्रश्न मी त्यात आणला नाही. तिनंही नाही. तो पेपर दप्तराच्या आतल्या कप्प्यात तसाच पडून होता.

रविवारी सकाळी शेवटच्या प्लॉटची द्राक्षं शेडवर आली. वाळवायच्या आधी घड औषधाच्या पाण्यात बुडवून काढावे लागतात, पोटॅश आणि तेल घातलेल्या. रोज शंभर लिटरचा ड्रम व्हायचा. त्याचं माप आण्णांना पाठ. अडीच किलो पोटॅश, दीड लिटर तेल. त्या दिवशी माल थोडा होता, साठ लिटर पुरे झालं असतं.

आण्णा पोटॅशच्या पिशवीजवळ वाकले आणि अंदाजानं मापटं भरायला लागले.

"आण्णा, थांबा," मी म्हटलं. "सनू सांगेल."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग सनूकडे. "पोरीच्या गणितावर माझा माल काळा पाडतीस काय? जास्त पडलं तर बेदाणा करपल्यासारखा दिसतोय. कोण घेणार तो?"

"ती सांगू दे. मग तुम्ही बघा, आणि घाला नाहीतर नका घालू."

सनू ड्रमच्या काठाला धरून उभी राहिली. "चाळीस लिटर कमी," ती म्हणाली. "मग पोटॅशमधून चाळीस..." आणि थांबली. अडीच किलोमधून चाळीस काय वजा करायचं, ते तिला कळेना. माझ्या ओठांवर आलं होतं. मी जीभ दाताखाली धरली. द्राक्षाच्या क्रेटवर माशा घोंगावत होत्या. कामाला आलेली मंगलकाकू म्हणाली, "अगं सांग की लवकर, ऊन वर आलं."

सनूनं डोळे मिटले. ओठ हलत होते. पाणी घटलं, पोटॅश घटलं. हे मी ओठांवरूनच वाचलं.

"पन्नास लिटरला निम्मं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "सव्वा किलो. उरले दहा लिटर. दहाला..." बोटं ड्रमच्या काठावर वाजायला लागली. "शंभरात दहा दहा वेळा. अडीच किलोचा दहावा भाग. पाव किलो. सव्वा आणि पाव, दीड. दीड किलो."

आण्णांनी हातातलं मापटं खाली टेकवलं. "तेल?"

"पन्नासला पाऊण लिटर. दहाला दीडशे मिली. नऊशे."

आण्णांनी भरलेलं मापटं परत पिशवीत ओतलं. तराजू ओढला, दीड किलो मोजलं, आणि ते पाण्यात न टाकता सनूच्या हातात दिलं. "घाल," म्हणाले. "हळू. उडवू नको डोळ्यांत."

दुपारपर्यंत कप्प्यांवर घड पसरून झाले. सगळे मिळून दोन कप्पेसुद्धा धड भरले नाहीत. शेजारच्या रॅकवर आदल्या आठवड्यातला माल होता, वरपासून खालपर्यंत, हिरवट पिवळा पडत चाललेला. सनू दोन्हीच्या मध्ये उभी होती.

"आण्णा, आजचा माल थोडाच आहे. मग हा लवकर वाळेल?"

"का? वारा काय मोजून येतोय काय?" आण्णा म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

सनू तिथंच उभी राहिली. एका रॅककडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. जाळीतून वारा आत येत होता आणि कप्प्यांचे सुतळीचे बंध एकदम हलत होते, इकडचेही, तिकडचेही. मी हाक मारणार होते. नाही मारली.

सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही सहावीच्या रिकाम्या वर्गात होतो. मयेकर सर, सूर्यवंशी मॅडम, आणि शेवटच्या बाकावर मी. मॅडमनी मला आधीच बजावलं होतं, "तुम्ही मान हलवायची नाही. तोंडसुद्धा खाली ठेवा." मी हातात पर्स घट्ट धरून बसले.

सरांनी फळ्यावर पहिलं गणित लिहिलं. साडेतीन मीटर कापडाची किंमत दिलेली, पाच मीटरची काढायची. सनू फळ्याजवळ गेली आणि दोन्ही तळहात उघडून दोन आकड्यांवर ठेवले.

"हे काय करतेस?" सर म्हणाले.

"वाचतेय सर."

तिनं वाचलं, म्हणाली, "कापड वाढलं, पैसे वाढणार," हात काढले आणि गणित केलं. एक पायरी चुकली, अपूर्णांकाच्या भागाकारात. वळून तिनं उत्तराकडे बघितलं. "हे तर पहिल्यापेक्षा कमी आलं," असं म्हणून स्वतःच पुसलं आणि परत केलं.

दुसरं गणित. सहा बायका बेदाण्याचा एक ढीग दहा दिवसांत निवडतात, बारा बायका किती दिवसांत निवडतील?

पुन्हा हात. "बायका वाढल्या, दिवस घटले. पाच."

"नक्की?" सरांनी मुद्दाम विचारलं.

"सगळ्या सारखं काम करत असतील तर. आमच्या मंगलकाकू असतील तर बाकीच्यांचं पण थांबतं."

मॅडमना हसू आवरलं नाही. सर मात्र पाठमोरे झाले होते. ते फळा पुसून पुन्हा लिहीत होते. पहिले दोन शब्द उमटले तेव्हाच मला कळलं. एका रॅकच्या. चार कप्प्यांत. पंधरा दिवसांत. तोच प्रश्न, काना-मात्रेचाही फरक न करता.

मी मान खाली घातली. त्या प्रश्नाखाली सरांनी लिहिलेलं तीस तिनं पाहिलेलं होतं, पंधरावरची फुलीही पाहिलेली होती. पंधरा बरोबर आहे हे तिला मॅडमकडून कळलं होतं. सगळं माहीत असलेल्या उत्तराचं ती काय करणार होती?

सनूनं एक हात चारवर ठेवला. दुसरा आठवर. आधीच्या गणितांत तिसरा आकडा तिनं तसाच सोडला होता, पण हा मधला पंधरा उघडा राहिलेला तिला चालेना. तिनं कोपर टेकवून बघितलं, जमेना. मान वळवून ती म्हणाली, "सर, जरा त्याच्यावर हात ठेवता?"

"मी?"

"हो. मला दिसतोय तो."

मयेकर सर पुढे झाले आणि त्यांनी आपला तळहात फळ्यावरच्या पंधरावर ठेवला. दोघं तसे उभे, ती दोन हात पसरून, ते एक हात लावून, आणि मधे पांढऱ्या खडूचे शब्द.

तिनं सावकाश वाचलं. पूर्ण ओळ. एकही शब्द न गाळता. मग पुन्हा वाचलं.

"कप्पे वाढले," ती म्हणाली.

सरांचा हात पंधरावर तसाच होता.

"कप्पे वाढले म्हणून बेदाणा वाढणार. वारा तोच. सगळे कप्पे एकदमच वाळणार." तिनं दोन्ही हात खाली घेतले आणि फ्रॉकला पुसले. "यात गुणायचंही नाही आणि भागायचंही नाही, सर. उत्तर तुमच्या हाताखाली आहे."

सरांनी हात काढला. फळ्यावरचा पंधरा पुसला गेला होता. त्यांच्या तळहातावर थोडा एक आणि थोडे पाच उमटले होते. त्यांनी हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"पण मागच्या वेळीही तू हेच लिहिलं होतंस."

"हो सर," सनू म्हणाली. "तेव्हा चुकलं होतं."